आज तू वाढ

बाबांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि भावाने विषय काढला. लालबागचं मसाल्याचं दुकान वीस वर्षं तोच बघत होता, त्यामुळे दुकान त्याचं हे उघडच होतं. उरला कबड्डीचा संघ. "तो तू घे," भाऊ म्हणाला, "नाहीतर सरळ बंद करू. मला त्यातलं काही कळत नाही." कळत तर मलाही नव्हतं. पण विमा कंपनीच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं लोकांच्या रजा, बदल्या आणि रुसवेफुगवे सांभाळून मी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. बारा धट्टीकट्टी माणसं सांभाळायची, त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. शिवाय भाऊ "बंद करू" म्हणाला तेव्हा आत भांडी पुसणाऱ्या आईचा हात थांबलेला मी पाहिला होता. मी म्हटलं, घेते.

आमच्या भागात कबड्डीचे संघ गल्लोगल्ली आहेत, पण ते मंडळांचे, व्यायामशाळांचे, नाहीतर बँकांचे आणि पोलिसांचे. एका कुटुंबाच्या मालकीचा संघ म्हणजे आमचाच. बाबा स्वतः फारसे खेळले नाहीत. तरुणपणी एका चढाईत त्यांचं मनगट मोडलं आणि तिथेच खेळ संपला. पुढे दुकान चालायला लागल्यावर त्यांनी पदरमोड करून संघ काढला. खेळाडूंना ते पगार द्यायचे, नोकऱ्या लावून द्यायचे, दोघातिघांची तर लग्नंही त्यांनीच जमवली. मग मातीची मैदानं गेली, मॅट आल्या, शहरात व्यावसायिक लीग सुरू झाली. बाकीच्या संघांचे मालक बिल्डर आणि कंपन्या, आणि त्यांच्या रांगेत आमचे बाबा, मसाला कुटणारे. लीगच्या समारंभातही ते पांढरा सदरा आणि चपला घालूनच जायचे आणि मोठ्या थाटात पहिल्या रांगेत बसायचे. त्यांच्या अंगाला मसाल्याचा वास यायचा आणि शेजारचे सुटातले लोक हळूच शिंकायचे, हे मला तेव्हा लाजिरवाणं वाटायचं.

त्यांची एक पद्धत होती. सामना असेल त्या दिवशी दुपारी सगळा संघ आमच्या घरी जेवायला. आम्ही चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हाही, आणि चाळीचा टॉवर होऊन चौदाव्या मजल्यावर गेलो तेव्हाही. सोफा उचलून गॅलरीत ठेवायचा आणि हॉलमध्ये सात पाट मांडायचे. कबड्डीत सात जण मैदानात उतरतात, म्हणून पाट सात. खेळाडू दारात आला की बाबा त्याच्याकडे बघून म्हणायचे, "बस." म्हणजे तो आज खेळणार. एखाद्याला म्हणायचे, "आज तू वाढ." म्हणजे तो राखीव. त्याने खांद्यावर टॉवेल टाकायचा, आईच्या हातून पातेलं घ्यायचं आणि बसलेल्या सातांना वाढायचं. सगळ्यांचं झालं की मग वाढणाऱ्यांची पंगत. यादी कुठे लागत नसे, कुणी काही विचारत नसे. जेवण अगदी पथ्याचं, मुगाची पातळ खिचडी, तूप, उकडलेली अंडी, ताक. घरात तिखटाची पोती आणि ताटात हे, म्हणून नवीन आलेले खेळाडू एकमेकांकडे बघून हसायचे.

लहानपणी मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत असे. एक प्रसंग मला अजून आठवतो. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच एक चढाईपटू होता, आदल्या आठवड्यात पेपरात त्याचं नाव आलं होतं. बाबा त्याला शांतपणे म्हणाले, "आज तू वाढ." त्याने मान हलवली, टॉवेल घेतला आणि आपल्या जागी बसलेल्या माणसाच्या खिचडीवर दोन चमचे तूप घातलं. काय दरारा आहे आपल्या बाबांचा, असं मला वाटलं. तीन शब्द बोलले की एवढा मोठा माणूस मुकाट्याने ऐकतो. हे माझं मत पुढची चाळीस वर्षं तसंच राहिलं. ते तपासून बघावं असं मला कधी वाटलं नाही, आणि कचेरीत तर मी इतरांची प्रत्येक गोष्ट तपासून बघण्याबद्दल प्रसिद्ध होते.

संघ माझ्याकडे आला तेव्हा कर्णधार चाळिशीला टेकला होता. नायगावच्या बीडीडी चाळीतून एकोणिसाव्या वर्षी तो बाबांकडे आला आणि मग कुठे गेलाच नाही. डाव्या कोपऱ्यात खेळायचा. समोरच्या संघाचा गडी चढाईला आला की हा कोपऱ्यात वाकून उभा, जणू काही आपला ह्याच्याशी संबंध नाही, आणि गडी परत वळला रे वळला की ह्याच्या हातात त्याचा घोटा. भल्याभल्यांना त्याने असं आडवं केलं. मोठमोठ्या संघांनी त्याला बोलावलं, पैसे जास्त देऊ म्हणाले, हा हसून नको म्हणायचा. बाबांनी त्याला एका सहकारी बँकेत चिकटवलं होतं आणि त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करवून घेतलं होतं, पण तो राहिला तो तेवढ्यासाठी नव्हे. बाबांना तो आवडायचा आणि त्याला बाबा आवडायचे. तिरडीला पुढचा एक खांदा भावाचा होता आणि दुसरा त्याचा. मी त्याला अरेतुरे करायचे, तो मला ताई म्हणायचा.

मी कारभार हातात घेतला आणि धडाक्यात सुधारणा सुरू केल्या. सरावाची हजेरी मोबाइलवर. दहा मिनिटं उशीर झाला तर दिवसभराची गैरहजेरी. दर सोमवारी वजन. टॅबलेट घेऊन फिरणारा एक प्रशिक्षक नेमला. परळच्या मैदानावर मी खुर्ची टाकून बसायचे आणि तोंडाचा पट्टा चालू. खेळाडू ऐकून घ्यायचे. कुणी तक्रार करत नाही म्हणजे सगळं सुरळीत चाललंय, असं मी धरून चालले. खरं तर तक्रारी होत्या, आणि त्या सगळ्या आधी कर्णधाराकडे जायच्या. तो त्या धुऊनपुसून, मऊ करून माझ्यापर्यंत आणायचा. "ताई, त्याचं पोर आजारी आहे, म्हणून उशीर होतो. बाकी काही नाही." मी म्हणायचे, "मग आधी कळवायला काय झालं?" तो म्हणायचा, "सांगतो त्याला." हे असं दीड वर्षं चाललं, आणि संघ मी चालवतेय असं मला वाटत होतं.

पद्धती मी बऱ्याच बदलल्या, पण जेवणाची पंगत तेवढी ठेवली. आईसाठी ठेवली असं मी लोकांना सांगायचे. मलाही तिथे बाबांच्या जागी उभं राहून "बस" म्हणायला आवडत होतं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी आमची पार घसरगुंडी झाली. लीगचा नियम असा की तळाच्या दोन संघांना बाहेर काढायचं आणि त्यांच्या जागी नवे मालक घ्यायचे. शेवटच्या साखळी सामन्याला आम्ही नेमके त्या काठावर होतो. जिंकलो तर संघ राहणार, हरलो तर बाबांचा संघ माझ्या हातून जाणार. दुकानात बसणारा भाऊसुद्धा त्या आठवड्यात रोज फोन करून विचारायचा, काय होईल गं.

गुरुवारी सराव संपल्यावर प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं आणि टॅबलेट समोर धरला. सगळ्या संघांचे चढाईपटू आता आमच्या डाव्या कोपऱ्यातूनच गुण नेतात, तो म्हणाला. कर्णधाराचा गुडघा वेळेवर वळत नाही. रविवारी त्याच्या जागी यंदाच घेतलेला नवा मुलगा उतरवायला हवा. मी टॅबलेटवरच्या चित्रांकडे बघत राहिले. त्याचं बरोबर आहे हे मला चित्रांशिवायही दिसत होतं. "मी सांगू का त्यांना?" प्रशिक्षकाने विचारलं. मी म्हटलं, "नको. आमच्याकडे पद्धत आहे."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. माझ्याकडे त्याचा नंबर होता. लालबागहून नायगाव लांब नाही, जाऊन बोलता आलं असतं. शनिवारी संध्याकाळी मी फोन हातात घेऊन गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत ठेवून दिला. काय बोलायचं ते सुचेना. वीस वर्षं ज्याने संघ धरून ठेवला त्याला, उद्याच्या सामन्यात तू नाहीस, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि मग मला हायसं वाटलं, कारण ते सांगावंच लागणार नव्हतं. बाबांनी सोय करून ठेवली होती. तीन शब्द आहेत, ते म्हटले की झालं. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांचे मी मनातल्या मनात आभारही मानले. आज ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

रविवारी नेमके लीगचे दोन जण व्हिडिओ काढायला आले. घरगुती संघ, घरगुती पंगत, आई स्वतःच्या हाताने जेवण करते, असं त्यांना दाखवायचं होतं. कॅमेरा कुठे लावायचा, ट्यूब बंद करायची की चालू ठेवायची, ह्यात मी गुंतले होते. कर्णधार नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला. दाराशी चपला काढून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, जरा बोलायचं होतं."

ह्याला कुणीतरी आधीच सांगितलं आणि हा आता गयावया करणार, असं वाटलं. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "अरे, नंतर. जेवणं होऊ दे."

"बरं," तो म्हणाला. सोफा अजून तिथेच होता. त्याने एका बाजूने उचलला, व्हिडिओवाल्याने दुसऱ्या बाजूने, आणि तो गॅलरीत नेऊन ठेवला.

बाकीचे आले. लिफ्टमध्ये सगळे एकदम मावत नाहीत, त्यामुळे दोन खेपा झाल्या. मी बाबांच्या जागी उभी राहिले आणि एकेकाला म्हणत गेले, बस, बस, बस. डावीकडचा शेवटचा पाट कर्णधाराचा. तो त्या पाटाजवळ उभा होता, बसला नव्हता, माझ्याकडे बघत होता. आणि त्याच्या मागे, दारापाशी, तो नवा मुलगा होता. मी मुलाला म्हटलं, "तू बस." कर्णधाराला म्हटलं, "आज तू वाढ."

आवाज मी मुद्दाम बाबांसारखा लावला होता. पाटांवरचे सगळे आपापल्या ताटाकडे बघायला लागले. व्हिडिओवाला मात्र दोन पावलं पुढे सरकला आणि त्याने कॅमेरा कर्णधाराच्या तोंडावर धरला. तो फार वेळ काही उभा राहिला नाही. खुंटीवरचा टॉवेल घेऊन त्याने खांद्यावर टाकला, आईच्या हातून पातेलं घेतलं आणि पहिल्या पाटापासून वाढत आला. नव्या मुलापाशी आल्यावर त्याने दोन चमचे तूप घातलं. मुलाचा हात ताटाला लागेना. "घे रे," कर्णधार त्याला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत टिकायला पाहिजे." आईने ताकाचा तांब्या बाहेर आणून दिला आणि ती आत गेली. मला स्वतःचा अभिमान वाटला. एवढी अवघड गोष्ट किती सहज पार पडली, असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी दादरला आम्ही जिंकलो. निसटतं जिंकलो, पण जिंकलो. शेवटच्या चढाईत त्या नव्या मुलाने चवडा धरला आणि बाकीचे सगळे गड्यावर कोसळले. माझा भाऊ, जो आयुष्यात कधी सामन्याला आला नव्हता, तो खुर्चीवर चढून ओरडत होता. संघ राहिला. कर्णधार पूर्ण वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. मध्यंतरात त्याने सगळ्यांना पाणी दिलं, मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. शेवटी माझ्यासमोर येऊन म्हणाला, "अभिनंदन, ताई." मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "तुझ्यामुळेच रे." हे मी मनापासून म्हटलं, पण ते त्याला काय ऐकू आलं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला नाही. दुपारी मोबाइलवर दिसलं, तो संघाच्या ग्रुपमधून बाहेर पडला होता. आणि तोवर तो व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला होता. स्वतः बाहेर बसून सहकाऱ्यांना प्रेमाने वाढणारा कर्णधार. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय मोठ्या मनाचा माणूस. माझ्या कचेरीतल्या जुन्या मैत्रिणींनी तो मलाच पाठवला.

आठवडाभर मी त्याच्या फोनची वाट पाहिली. मग माझा राग उतरला, हो, आधी मला रागच आला होता, आणि मी त्याच्या घरी निघाले. नायगावची त्यांची इमारत पाडायला रिकामी केली होती आणि तो शीव कोळीवाड्यात भाड्याने राहत होता. हे मला त्याच्या शेजाऱ्याकडून कळलं. दीड वर्षात मी त्याला घर बदललं का, हेही विचारलं नव्हतं. हजेरी मात्र रोज विचारत होते.

त्याच्या बायकोने चहा केला. तो खाली सतरंजीवर गुडघ्याला शेक देत बसला होता. मी आल्याआल्या सुरू केलं. नाराज असशील तर तोंडावर सांग, असं न बोलता निघून जातात का, बाबांच्या वेळेस किती जणांनी वाढलं, त्यातलं कुणी असं निघून गेलं नाही. त्याने मला पूर्ण बोलू दिलं.

"ताई, बाबा आदल्या दिवशी यायचे," तो म्हणाला.

"कुठे?"

"घरी. ज्याला बसवायचं नाही त्याच्या घरी. दिवेलागणीला. माझ्याकडे एकदाच आले होते, घोटा सुजला होता तेव्हा. तासभर बसले. आईच्या डोळ्याचं बोलले, पाण्याच्या नळाचं बोलले. मॅचचं काही नाही. जाताना जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवला नि म्हणाले, उद्या वाढायला ये. मी रडलो ताई, खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो तेव्हा रडून झालेलं. घरच्यांना माहीत, संघातल्या पोरांना माहीत. मग वाढायला काही वाटलं नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याची बायको दाराशी उभी होती, ती आत गेली.

"त्या दिवशी तुला काय बोलायचं होतं?" मी विचारलं. उत्तर काय असेल हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"तेच, की आज मी वाढतो." तो शेकाची पिशवी उलटी करत होता. "महिनाभर गुडघा उठत नव्हता. मॅच घालवायची नव्हती. बाबांचा संघ आहे. म्हटलं, आपणच सांगू, पोराला उतरवा. त्याच्या पानात मी आपणहून वाढलं असतं ना, तर त्यालाही बरं वाटलं असतं. तो बिचारा अजून माझ्यासमोर येत नाही." मग पिशवी परत गुडघ्यावर ठेवत म्हणाला, "आता सगळे म्हणतात, कॅप्टनला काढलं. कॅमेऱ्यात आहे. माझ्या पोरीच्या शाळेत पण बघितला सगळ्यांनी."

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी कसलं, संघ राहिला ना." आणि खरंच, तो चिडून बोलत नव्हता. तो चिडला असता तर मला परतीच्या वाटेवर इतकं जड गेलं नसतं.

घरी आल्यावर मी आईवर तोंड टाकलं. बाबा आदल्या दिवशी जायचे हे तू मला का नाही सांगितलंस? आई पाट पुसून ठेवत होती. ती माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिली. "तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू जाऊन आलीस. म्हणून तर तो इतका शांत वाढत होता. तू त्यांची मुलगी ना गं, मी काय सांगायचं?" आधी मला बाबांचाही राग आला होता, की एवढी महत्त्वाची गोष्ट त्यांनी कधी बोलून का दाखवली नाही. पण त्यांनी काही लपवलं नव्हतं. संध्याकाळी सदरा घालून ते बाहेर पडायचे, आणि मी त्यांना कधीही विचारलं नव्हतं की कुठे निघालात.

त्यानंतर मी जायला लागले. आता प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी, ज्याला बसवायचं नाही त्याच्या घरी जाते. पहिल्यांदा मला धड बसताही येईना, दहा मिनिटांत बोलून मोकळी झाले. मग हळूहळू जमायला लागलं. कुणाची आई लाडू देते, कुणाचा बाप मला कबड्डी शिकवतो. खेळाडू माझ्याशी मोकळं बोलतात. संघ मला आता कुठे कळायला लागलाय, आणि हे कळायला जो माणूस खर्ची पडला तो संघात नाही.

यंदाच्या लीगच्या पहिल्या सामन्याच्या आधी मी त्याला फोन केला. म्हटलं, "नुसता जेवायला ये. खेळायचं नाही, वाढायचं नाही. तुझा पाट मांडते." त्याने आधी आईची तब्येत विचारली. मग तो म्हणाला, "येतो."

त्या दिवशी मी आठ पाट मांडले. आईने खिचडीबरोबर त्याच्यापुरतं सुकटीचं तिखट केलं, त्याला आवडतं म्हणून, आणि आता पथ्य कशाला म्हणून. तो वेळेवर आला. पोरांनी त्याला गराडा घातला. नव्या मुलाने वाकून नमस्कार केला आणि डावीकडचा शेवटचा पाट सोडून तो एक जागा अलीकडे सरकला. सगळे बसले. कर्णधार त्या पाटापाशी गेला आणि उभाच राहिला. पाटाकडे बघत होता. मी म्हटलं, "अरे, बस ना." सगळे जण ताटात हात न घालता थांबले होते.

"बसतो, ताई," तो म्हणाला, "ह्यांचं होऊ दे." आणि खांद्यावर टॉवेल टाकून त्याने आईच्या हातून पातेलं घेतलं.

त्याने सगळ्यांना वाढलं. कुणाला काय लागतं ते त्याला अजून पाठ होतं. सातांचं झालं, राखीव बसले, त्यांनाही त्यानेच वाढलं. मग पातेलं आत नेऊन ठेवलं, हात धुतले आणि चपला घालायला लागला. आई म्हणाली, "अरे, तुझं पान वाढलंय." तो म्हणाला, "नको आई, जेवून आलोय मी." आईने पुन्हा आग्रह केला, तो हसला, तिच्या पाया पडला. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. आज बाहेर कुणाला ठेवलंत, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. "घरी जाऊन आलात ना त्याच्या?" मी हो म्हटलं. "बरं केलंत," तो म्हणाला, आणि लिफ्ट आली.

संघ दादरला निघण्याच्या गडबडीत असताना माझा फोन वाजला. त्याची बायको होती. "ताई, ह्यांचा फोन लागत नाहीये. तुमच्याकडून निघाले का?" मी म्हटलं, आत्ताच निघाला. "नीट जेवले ना?" तिने विचारलं. "सकाळपासून नुसत्या चहावर आहेत. मी पोहे केले तर हात लावला नाही. म्हणाले, आज तिकडे पाट मांडलाय माझा, भूक ठेवून जातो."

आई समोर त्याचं ताट झाकत होती.

"हो गं," मी म्हटलं, "जेवला."